सहा तास हालचाल नसेल तर

ऑफिसात तिला सगळे नोंदमावशी म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. तिला राग यायचा तो एकाच गोष्टीचा, अर्धवट नोंदीचा.

कंपनी चौतीस माणसांची. इमारतीत खाली चष्म्यांचं दुकान, तिसऱ्या मजल्यावर ही मंडळी आणि त्यांच्या डोक्यावर नाचाचा क्लास. दुपारी तीननंतर छत थडथडायला लागायचं. कंपनी जे यंत्र बनवायची ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात बसायचं. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक बारका डोळा आणि कपाटावर कुठेतरी एक पांढरा डबा. डोळ्याला हालचाल दिसली की डबा ती लिहून घ्यायचा, आणि त्या खोलीतल्या डोळ्यावर हिरवा दिवा क्षणभर लागायचा, टिक असा आवाज व्हायचा. दूर गावी राहणाऱ्या मुलाला किंवा लेकीला फोनवर दिसायचं: स्वयंपाकघर, सहा दहा. खिडकी, साडेसात. चला, बाबा हिंडतायत. झोपेतलं कूस बदलणंसुद्धा डोळ्याला दिसायचं, त्यामुळे रात्रीची अडचण नव्हती. आणि सलग सहा तास कुठेच काही हललं नाही, तर डब्यानं बोंब ठोकायची. लोक यंत्र घ्यायचे ते त्या बोंबेसाठी.

आता यंत्रानं दिवसभर काय केलं, केव्हा केलं, काय बिघडलं, हे यंत्रानंच लिहून ठेवायचं असतं. त्या लिखाणाला लॉग म्हणतात. यंत्राला काम शिकवणारी पोरं पुष्कळ मिळतात. पण यंत्र लिहितं ते धड लिहितं का, हे तपासायला कोणी हौसेनं येत नाही. मावशी आली. बाविसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून कामाला लागलेली बाई, हळूहळू कॉम्प्युटर शिकली, तीन कंपन्या बुडताना बघितल्या आणि चौथीत या कामाला चिकटली ती चिकटलीच. ती डब्याची वायर उपटायची. मेमरी गच्च भरायची. डब्याचं घड्याळ दोन वर्षं मागे फिरवायची. एवढा छळ करून झाला की मग लॉग उघडून बघायची, की या गुणी बाळानं झालेलं सगळं खरंखरं लिहिलंय का.

एकदा एका कोड लिहिणाऱ्या मुलीनं नोंद ठेवली होती: "काहीतरी चुकलं." मावशीनं तिला टेबलाशी बोलावलं.

"घराला आग लागली तर 'काहीतरी झालं' असं ओरडशील का गं?"

"नाही, मावशी."

"मग काय ओरडशील? आग लागली. कुठे? किती वाजता? कोणाकडून? तसं लिही."

त्या मुलीनं पुढे आयुष्यभर तसंच लिहिलं असणार. मावशीचं बोलणं विसरणं अवघड होतं.

नाकावर माशी बसू न देणाऱ्या या बाईकडून जी चूक झाली ती कळायला आधी खोटा रहिवासी कळायला हवा. टेस्टिंगच्या खोलीत बाकावर बारा डबे आणि त्यांचे डोळे मांडलेले. लॉग तपासायचा तर हालचाल हवी, आणि हालचाल करायला दिवसभर बारा खोल्यांतून कोण चालणार? म्हणून मावशीनं कोडमध्येच एक खोटं माणूस तयार केलं. दिवसाचं वेळापत्रक लिहून दिलं की ते त्याप्रमाणे घरभर "चालायचं", आणि डबा त्या चालण्याची नोंद करायचा. पण वेळापत्रक कोणाचं लिहायचं? मावशीला एकाच माणसाचा दिवस मिनिटासकट पाठ होता. पाच चाळीसला पलंग सोडायचा. पाच पंचावन्नला स्वयंपाकघर. सातला खिडकी. एकला पुन्हा पलंग, जरा आडवं व्हायला. तीनला स्वयंपाकघर. चार ते चार वीस दारात. आणि मधली बारीकसारीक ये-जा, रात्रीची कूससुद्धा.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मावशीनं हे कोणाला सांगितलं नाही. घरी नवऱ्यालाही नाही. बाकावरचे दिवे चारच्या सुमाराला एका ओळीत मिणमिणायला लागले की तिला बरं वाटायचं, इतकंच.

अशी आणखी दोन वर्षं गेली. मग एका गुरुवारी सकाळी अकराला फोनवाली आली. फोनवाली म्हणजे तक्रारी घेणारी. तिला गप्प बसायचे पैसे दिले असते तरी तिनं ते परत केले असते.

"मावशी, आज तर कहरच झाला. एक म्हातारं जोडपं महिनाभर लेकीकडे गेलंय. घराला कुलूप. आणि फोनवर दिसतंय की आत कोणीतरी फिरतंय. त्यांनी पोलीस पाठवले. कुलूप जसंच्या तसं, आत चिटपाखरू नाही. पोलीस गेले आणि दुपारनंतर पुन्हा सुरू. आता ते मला विचारतायत, तुमच्या यंत्राबरोबर भूत फुकट येतं का?"

"उंदीर असेल."

"उंदीर खिडकीत उभा राहतो? रोज सातला?"

मावशीनं हसत हसत त्या घराचा लॉग उघडला. वाचायला लागली आणि तिचं हसू जागच्या जागी राहिलं. पाच चाळीस, पलंग. पाच पंचावन्न, स्वयंपाकघर. सात, खिडकी. ती खाली खाली जात राहिली. चार, दार. चार एक, दार. चार दोन, दार. चार वीसपर्यंत दार.

लॉग वाचण्यात हयात घालवलेल्या त्या बाईला पहिल्यांदा कोड आठवलाच नाही, हे खरं आहे ते सांगायला हवं. तिला वाटलं, आई त्या घरात काय करतेय? कुलूपबंद, परक्या घरात, एकटी?

"मावशी, पाणी आणू का?" फोनवालीनं विचारलं.

"नको. तू जा. मी बघते."

मग तिची नजर नोंदीच्या शेवटच्या आकड्याकडे गेली. प्रत्येक नोंदीबरोबर डोळ्याची बॅटरी किती उरली तेही लिहिलं जातं. खरी बॅटरी उतरत जाते. इथे सगळीकडे सत्त्याऐंशी. पलंगाजवळ सत्त्याऐंशी, दारात सत्त्याऐंशी, आठ दिवस सत्त्याऐंशी. तो आकडा खोट्या रहिवाशाला मावशीनंच दिला होता, काहीतरी द्यायचा म्हणून.

तिनं नवीन व्हर्जनचा कोड उघडला. शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. खोट्या रहिवाशाला रोज सकाळी हातानं चालू करावं लागे; सुट्टीच्या दिवशी टेस्टिंगच्या खोलीत ते करायला कोणी नसे, त्यामुळे बाराच्या बारा डबे सहा तासांनी बोंबलायला लागायचे. वरच्या नाचवाल्यांनी तक्रार केली होती, म्हणजे बघा. म्हणून एका शुक्रवारी घरी जाण्याच्या घाईत कोणीतरी एक अट घातली होती: सहा तास हालचाल नसेल तर खोट्या रहिवाशाला चालायला लाव; खरी हालचाल दिसली की थांबव. अट फक्त बाकावरच्या डब्यांपुरती होती, सोमवारी काढायची होती. ती निघाली नाही. नव्या व्हर्जनबरोबर ती घराघरात गेली. सगळ्या टेस्ट पास झाल्या, कारण टेस्ट विचारत होत्या की लॉगमध्ये कुठे खंड आहे का, आणि खंड कुठेच नव्हता. ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख होती. नाव तिचंच होतं.

राखायला घातलेल्या कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण तिनं घातलं होतं.

कुलूपबंद घराचं तिला काही वाटलं नाही. तिथे कोणी नव्हतंच. पण मग दुसरा विचार आला. आई कुठल्याही घरात उगाच जात नव्हती. जिथे माणूस हलायचं थांबलं होतं तिथेच ती जात होती. जिथे डब्यानं ओरडायला हवं होतं, नेमकं तिथे ती उठत होती, स्वयंपाकघरात जात होती, आणि दूरच्या नातेवाइकांना सांगत होती की सगळं ठीक आहे.

अकराशे चाळीस घरं. मावशीनं सगळ्या घरांच्या लॉगमध्ये सत्त्याऐंशी शोधायला लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. शोध संपेपर्यंत वर नाचाचा क्लास सुरू व्हायची वेळ झाली होती.

दोन घरं निघाली. एक कुलूपबंद. दुसऱ्या घरात एकोणऐंशी वर्षांचे एक घड्याळजी एकटे राहत. त्यांची शेवटची खरी नोंद मंगळवारची: सकाळी सात आठ, बाथरूम, बॅटरी एकसष्ट. बरोबर सहा तासांनी, एक वाजून आठ मिनिटांनी, पलंग, सत्त्याऐंशी. तिथून पुढे दोन दिवस घरात आई होती.

ती साहेबांकडे गेली. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीत आधी वकिलाचा चेहरा बघणारा.

"मावशी, लॉगमध्ये हालचाल दिसतेय ना? मग घाबरताय कशाला?"

"ती हालचाल मी लिहिलीय, साहेब. माणूस मंगळवारपासून हललेला नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "आधी नातेवाइकांना विचारू. उगाच दार फोडलं आणि ते आत चहा पीत बसलेले निघाले तर?"

"तर मी माफी मागेन आणि चहा पिऊन येईन."

तरी तिनं फोन लावला. घड्याळजींकडे फोन नुसताच वाजत राहिला. मग पुतणीला लावला. ती दुसऱ्या गावी राहायची. आवाजानं मोकळी होती.

"काका ना? मजेत आहेत. हे काय, आत्ता स्वयंपाकघरात आहेत बघा. तीन वाजले ना, चहा करत असतील."

मावशीनं विचारलं, "तुमचं बोलणं कधी झालं त्यांच्याशी?"

"रविवारी. त्यांना ऐकू कमी येतं हो, फोन उचलतच नाहीत. म्हणून तर तुमचं यंत्र घेतलं. पण एक सांगू? काका हल्ली फार नियमित झालेत. पूर्वी कधीही उठायचे."

"ताई," मावशी म्हणाली, "ते काका नाहीत. मी तिकडे निघालेय. दार उघडायची परवानगी द्या. आणि तुम्हीही निघा."

टॅक्सीत तिनं कुलूपवाल्याला फोन केला, ॲम्ब्युलन्सला फोन केला. फोनवर त्या घराचा लॉग उघडा होता. स्वयंपाकघर. पुन्हा स्वयंपाकघर. तो माणूस जिवंत असेल का, एवढा एकच प्रश्न डोक्यात होता. आणि हातातली नोंद दर मिनिटाला हो हो म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला लॉगची शिसारी आली.

ती जिना चढून वर पोचली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. लांब, स्वच्छ, भर दुपारीही जरा काळोखा पॅसेज. समोरच्या दारातून शेजारीण डोकावली.

"घड्याळजी? आहेत की आत. आत्ताच आवाज ऐकला."

"कसला आवाज?"

"टिकटिक हो. घड्याळजींच्या घरात दुसरा कसला असणार?"

दाराच्या वरच्या अंगाला धुरकट काचेची पट्टी होती. मावशी बघत होती तेवढ्यात त्या काचेत हिरवा उजेड उमटला आणि विझला. टिक. हातातल्या फोनवर ओळ आली: दार, चार सहा. तिनं दार वाजवलं. हाका मारल्या. आत शांतता. मग काचेत पुन्हा हिरवा उजेड. टिक. दार, चार सात.

दाराच्या पलीकडे कोणीतरी उभं होतं. नोंद तसं सांगत होती, आणि कोण उभं आहे तेही तिला ठाऊक होतं. असं काही नसतं हे तिला कळत होतं. ती अट, तो आकडा, ते वेळापत्रक, सगळं तिच्याच हातचं होतं. तरीही फळीवर तळहात टेकून ती हळूच म्हणाली, "आई, दार उघड गं."

शेजारणीनं आपलं दार थोडं लोटून घेतलं.

कुलूपवाला आला. त्याला कुलूप काढायला चार मिनिटं लागली, आणि तेवढ्यात काच चार वेळा हिरवी झाली. दार उघडलं. मावशीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, डोळ्याला ती दिसली, आणि फोनवर नोंद पडली: दार, चार चौदा, बॅटरी साठ. खरं माणूस आलं की खोट्यानं थांबायचं, हेही तिनंच लिहिलं होतं. आई गेली.

हॉलमध्ये भिंतभर घड्याळं होती. त्यांच्या खालून ती धावत आत गेली. घड्याळजी बाथरूमच्या दारात, जमिनीलगत, भिंतीवरचा कुठलाच डोळा पोचत नाही अशा जागी कुशीवर पडले होते, एक पाय विचित्र दुमडलेला. हाताशी प्लास्टिकची बादली होती, तळाला चूळभर पाणी होतं, आणि त्यात बुडवलेला टॉवेल त्यांच्या तोंडाशी होता. डोळे उघडे होते. ते हलले. मावशी गुडघ्यांवर बसली आणि तिला रडू आवरेना.

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघितलं.

"त्या बाई गेल्या का?" त्यांनी विचारलं.

नवीन व्हर्जन त्याच संध्याकाळी सगळ्या घरांतून मागे घेतलं. कुलूपबंद घरही शांत झालं. साहेब अहवालात "तांत्रिक बिघाड" एवढंच लिहायला बघत होते. मावशीनं तो कागद बाजूला सारला आणि दुसरा स्वतः लिहिला: कुठली ओळ, कुठल्या तारखेला, कोणी लिहिली, का काढली नाही, त्यामुळे कोणत्या घरात कोण किती तास पडून राहिलं. खाली सही केली. साहेब म्हणाले, "मावशी, हे लिहिलंत तर नोकरी राहील असं मी सांगू शकत नाही." ती म्हणाली, "मी विचारलंय का?"

आणि शनिवारी ती हॉस्पिटलमध्ये गेली. घड्याळजींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, पण बोलणं शाबूत होतं. पुतणी औषधं आणायला खाली गेली होती. कानाशी वाकून बोलावं लागत होतं.

"माझी सगळी घड्याळं हॉलमध्ये," ते म्हणाले. "पडलो तिथून एक दिसेल तर शपथ. हयात घड्याळं लावण्यात गेली आणि ऐन वेळेला वेळच कळेना. मग ते दिवे लागायला लागले. आधी पलंगाकडे, मग स्वयंपाकघरात. म्हटलं, कोणी तरी आलं. हाका मारल्या. उत्तर नाही. दिवा खिडकीकडे गेला. पहिल्या दिवशी भ्यालो बघा. खोटं कशाला सांगू?"

"मग?"

"दुसऱ्या दिवशी शिव्या घातल्या. माणूस मरायला टेकलाय आणि ही बया घरभर हिंडते, माझ्याकडे ढुंकून बघत नाही! पण काय वक्तशीर! एक मिनिट इकडचं तिकडं नाही. आणि रोज दारात जायची. बराच वेळ उभी राहायची. मला वाटायचं, आता बोलावतेय कोणाला तरी. अजून थोडं थांबू. असं करत थांबलो."

मावशीनं ठरवलं होतं तसं सगळं सांगितलं. कानाशी वाकून, शब्द न चोरता. "काका, तिनं कोणाला बोलावलं नाही. तिच्यामुळेच कोणाला कळलं नाही. ती नसती तर मंगळवारी दुपारीच डबा ओरडला असता. ती मी घातली होती आणि काढायची विसरले."

घड्याळजींनी डोळे मिटले.

"म्हणजे तू मारलंच होतंस मला."

"हो."

"बरं." त्यांनी श्वास घेतला. "कोण होती?"

"माझी आई. तिचा दिवस होता तो. चार वर्षं झाली तिला जाऊन."

"दारात कशाला जायची?"

"माझी वाट बघायला. मी साडेसहाला सुटायचे. तिला माहीत होतं. तरी चारलाच जाऊन उभी राहायची, वीस मिनिटं, मग आत यायची. किती सांगितलं तरी ऐकायची नाही. मी कधी साडेसातला पोचायचे, कधी आठला. चारला एकदाही नाही गेले."

घड्याळजींनी मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. घड्याळ उघडून आतलं बघायची सवय असलेले ते डोळे होते.

"गुरुवारी आलीस की," ते म्हणाले. "सव्वाचारच्या आत."